वहीतलं पहिलं गाणं

"घरात हाक कुणाला मारतासा?"

चाळिशी उलटलेला पुरुष नवा भेटला, की आदगोंडाअण्णा नमस्काराच्याही आधी हे विचारायचे. माणूस गडबडून म्हणायचा, "बायकोला. का हो?"

"मग मारा बघू. हितंच. घरात मारतासा तश्शी."

आता निपाणीच्या भर बाजारात, तंबाखूच्या वखारीसमोर, कोण कशाला बायकोला हाक मारेल? पण अण्णा वाट अडवून उभे राहायचे. शेवटी सुटका व्हावी म्हणून माणूस दबक्या आवाजात "अगं ए" म्हणायचा. अण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "पट्टी पांढरी तीन. तुमाला सात नंबरचं गाणं बसंल. उद्या संध्याकाळी या."

अण्णा वखारीत तोलार होते. आयुष्य काट्यासमोर गेलेलं, त्यामुळे माणसाचा आवाजही त्यांना तोलूनच बघावासा वाटे. घरी एक बाजाची पेटी होती, तिच्या दोन पट्ट्या मुक्या. आणि एक लांबडी वही होती. तिच्यात साठेक गाणी, सोप्यापासून अवघडापर्यंत नंबर घालून लिहिलेली. हे सगळं कशासाठी, तर आमच्या गल्लीच्या गणपतीसाठी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर चाळिशीपुढच्या पुरुषांनी गायचं, ही प्रथा अण्णांनीच पाडलेली. नियम एकच. ज्याला गाता येतं त्यानं गायचं नाही.

"गाणाऱ्याचं गाणं रेडिओवर हायच की," ते म्हणायचे. "ज्याला लाज वाटतीय त्याचं कोण ऐकणार?"

मी त्यांचा शेजारी. हायस्कुलात गणित शिकवायचो. आमच्या आणि त्यांच्या परसात एक छातीएवढी भिंत. रोज संध्याकाळी पाचाला, मी वह्या तपासायला बसलो रे बसलो, की भिंतीपलीकडून हाक यायची, "ओऽ मास्तरऽ, च्या झाला काऽ?" वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. मला असा संताप यायचा! मी कधी "ओ" दिली नाही. कपबशी घेऊन जायचो, भिंतीवर आपटायचो आणि म्हणायचो, "घ्या!" अण्णा निवांत फुंकर घालत चहा प्यायचे, तेवढ्यात दोन-चार गोष्टी सांगायचे आणि कप विसळून परत द्यायचे.

हाकेचं शास्त्र त्यांनी मला त्या भिंतीवरच सांगितलं होतं. "मास्तर, मानूस गायला उभा ऱ्हायला की दुसऱ्याचा आवाज काढतोय. म्हणून फाटतोय. घरात हाक मारताना तो कुनाची नक्कल करत न्हाय. त्या पट्टीत गाणं द्या, कसा गात न्हाय बघू!"

आणि खरंच गायचे हो लोक. एक अडत्या होता. बाजारात बोलला तर बोरगावपर्यंत ऐकू जावं असा आवाज. त्याला वाटलं आपल्याला पराक्रमाचं गाणं मिळणार. अण्णांनी घरची हाक मारायला लावली, तर गडी मांजराच्या पिलासारखा म्हणाला, "ऐकतीस का गं?" अण्णा खूश. "ह्यो खरा आवाज!" त्याला तीन सुरांचं, एका जागी बसल्यासारखं गाणं दिलं. त्या संध्याकाळी तो इतकं हळुवार गायला की बायकांच्या घोळक्यात त्याची बायको पदरात तोंड लपवून बसली.

एका हवालदाराला दमा होता. त्याला ओळीओळीला थांबा असलेलं गाणं दिलं. थांब्यावर सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवायच्या, तोवर त्यानं श्वास घ्यायचा.

माझी हाक ऐकून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हणालो होतो, "अगं, माझा चष्मा कुठाय?" अण्णा म्हणाले, "मास्तर, ही हाक न्हवं, तक्रार हाय." तरी मला चार नंबरचं दिलं आणि मी ते न अडखळता म्हटलं. आमची ही संकेश्वरची, माहेरी पेटी शिकलेली. तिनं त्या रात्री ताटात गोडाचं दोनदा वाढलं, यावरून काय ते समजा.

एवढं सगळं करणारा माणूस स्वतः मात्र कधी गायला नाही. यादीत शेवटचं नाव दर वर्षी त्यांचंच असायचं आणि आरतीच्या आधी ते स्वतःच्याच हातानं खोडायचे. वहीतलं एक नंबरचं, सगळ्यात सोपं गाणंही त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. कुणी मागितलं तर वही मिटायचे. "ते द्यायचं न्हाय."

आमच्या शेजाराच्या नवव्या वर्षी मला राहवलं नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी भिंतीवर कप ठेवून मी विचारलं, "अण्णा, ते पहिलं गाणं कुणासाठी राखून ठेवलंय?"

त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. मग म्हणाले, "कानडी पाळना हाय, मास्तर. आमची घरवाली, पद्मा, म्हनायची. चार ओळी, तीन सूर. पोर काय झालं न्हाय, पर ती म्हनायची. भाकरी थापतानासुदिक म्हनायची." कप विसळता विसळता म्हणाले, "लई वाटतंय एकदा म्हनावं. पर माझी पट्टीच घावंना. ती गेल्यापासनं घरात हाक मारलीच न्हाय. कुनाला मारू? भिंतीला?"

मी कप घेऊन आत आलो आणि हिला सांगितलं. ही पीठ मळत होती. तशाच हातानं माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, मग भिंतीलाच मारतात की रोज! आणि तुम्ही काय देवळातल्या नंदीसारखे ऐकत बसता होय?"

गणितात मी कधी इतका मोठा हातचा विसरलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पाचाला हाक आली, "ओऽ मास्तरऽ, च्या झाला काऽ?" ही हात पुसत तडक त्यांच्या परसदारी गेली, ओट्यावरची पेटी उघडली आणि चार पट्ट्या चाचपून म्हणाली, "अण्णा, काळी दोन. तुमची हाक काळी दोनमध्ये आहे."

"वैनी, ही हाक न्हवं," अण्णा घाबरून म्हणाले. "घरातल्या मानसाला मारायची असती हाक."

"मग मी कोण?" मी भिंतीवरून ओरडलो. नऊ वर्षं माझ्या हातचा चहा पिऊन हा माणूस मला बाहेरचा समजतो! खरंच राग आला मला, आणि डोळ्यांत पाणीही आलं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी यादीतलं आपलं नाव खोडलं नाही.

आरती झाली. सगळे गाऊन झाले आणि अण्णा उभे राहिले. टोपी सारखी केली, धोतराला हात पुसले. हिनं काळी दोन धरली. पहिली ओळ नीट गेली. दुसरी बरी गेली. गल्लीत अर्ध्या लोकांना कानडी कळत होतं, उरलेल्यांना पाळणा आहे एवढं कळत होतं. तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज अडकला. पेटी वाजतेय, अण्णा गप्प. ओठ हलतायत, सूर नाही.

अण्णांनी मान वर केली, त्या गर्दीत मला शोधलं आणि हात तोंडाशी धरून हाक मारली, "ओऽ मास्तरऽ!"

लोक हसले. मी ताडकन उठलो आणि नऊ वर्षांची थकबाकी एका दमात देऊन टाकली, "ओऽऽ!"

"हां," अण्णा म्हणाले आणि त्याच सुरात तिसरी ओळ धरली.