नागू मास्तराचा पालापाचोळा

नागू मास्तर इतका उदास माणूस, की त्यानं फळ्यावर सूर्य काढला तरी पोरं तो मावळतीचाच समजायची. खालापूरच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा. बायको तापानं गेली, तेव्हापासून भिसेगावची आत्या सोनुबाई त्याच्याकडे राहायची. दोघं समोरासमोर बसून जेवायची आणि आळीपाळीनं उसासे टाकायची.

चैत्रात वरून कागद आला. सोमवारी दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार. मास्तरानं वस्तू समोर ठेवून रंगवलेलं चित्र दाखवायचं, नाहीतर नोकरी गेली. नागूनं घर धुंडाळलं. तांब्या चेपलेला, फुलदाणी कधी नव्हतीच. शेवटी सागाची तीन वाळकी पानं आणून पाटावर मांडली. एक तांबूस, एक पिवळं, एक किड्यानं खाल्लेलं.

"हे खाल्लेलं माझ्यासारखं दिसतं," तो म्हणाला. शनिवारभर बसून त्यानं रेघा काढल्या. रविवारी सकाळी रंग कालवून बसतो, तर पाट रिकामा.

"आत्या, पानं कुठं गेली?"

"मागं वाफ्यावर टाकली. पेरणीआधी पाला जाळून राब भाजायचा हाय ना? भाताचं रोप काय नुसत्या मातीत येतं? पाल्यासाठी लोक डोंगर पालथा घालतात, नि तू पाटावर मांडून ठेवतोस."

"मी त्यांचं चित्र काढत होतो गं."

"पाल्याचं?" सोनुबाईनं त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाय."

राब अजून पेटवला नव्हता. नागू गुडघाभर पाल्यात शिरला आणि एकेक पान उलटून पाहू लागला. बांधावरून शेजारचा विठू चालला होता.

"मास्तर, काय हरवलं?"

"सागाचं पान. किडकं."

विठू मान हलवून पुढं गेला. घरोघर जाऊन सांगून आला, "मास्तराकडं राबाला पाला नाय रं. बिचारा एकेक पान मोजतोय. मागायची लाज वाटत आसंल."

बायको गेलेल्या माणसाची गावाला दया आली. संध्याकाळपर्यंत नागूच्या अंगणात पाल्याचे इतके भारे पडले, की घराचं नुसतं कौल दिसत होतं. सोमवारी मास्तर शाळेत दिसेना म्हणून दिपोटी साहेब घरीच आले, तेव्हा दार पाल्यानं बुजलेलं, म्हणून नागू खिडकीतून बाहेर आला.

"चित्र कुठं आहे?"

"रेघा आहेत साहेब. पानं गेली."

साहेबांनी ढिगाकडे पाहिलं. "एवढी आहेत की. माझ्यासमोर काढा."

नागूनं नवा कागद घेतला. ढीग निम्मा रंगवून झाला, तोच सोनुबाईनं आभाळाकडे पाहिलं.

"वारा पडलाय. आत्ताच भाजून घ्या रं. मग ठिणगी उडाली तर घरं जातील."

गडी आले आणि भारे उचलून वाफ्यावर पसरू लागले.

"अरे थांबा," नागू म्हणाला.

"तुमी बसा मास्तर," विठू म्हणाला. "तुमचं दुक्क आमाला ठावं हाय."

समोर असेल तेच काढायचं, असा साहेबांचा हुकूम. ढीग कमी झाला, तसा नागूनं चित्रातला खोडला. मग वाफ्यावरचा पाला काढला. तो पेटला, म्हणून त्यावर जाळ काढला. जाळ विझून धूर झाला, म्हणून त्यावर धूर काढला. दोन तासांनी वाफा काळा, कागद काळा, आणि साहेबांचं धोतरही काळं.

साहेबांनी खोकत खोकत कागद पाहिला, मग वाफा पाहिला. परत कागद पाहिला.

"यातली पानं कुठली?"

"खाली आहेत साहेब. तिसऱ्या थराला."

साहेबांनी बराच वेळ डोळे पुसले. मग वहीत शेरा लिहिला, 'समोर होते ते जसेच्या तसे. मास्तर कायम करावा,' आणि छकड्यात बसून चौक गावाकडे निघून गेले.

सोनुबाईनं कागद हातात घेऊन उजेडाला धरला. इतक्या दिवसांत तिनं त्याचं चित्र पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"चांगला भाजलाय," ती म्हणाली. "ह्या कोपऱ्यात तेवढा कच्चा राह्यलाय."

नागूनं पाहिलं. कोपऱ्यात टिकलीएवढा कागद पांढरा होता. उसासा टाकून त्यानं तोही काळा केला.