एका जादा चिन्हाची चौकशी

माणूस पारखण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! दूधवाला असो की दंतवैद्य, समोरचा काय डाव टाकणार हे त्यानं तोंड उघडायच्या आधीच मला कळतं. बायको याला 'संशयी स्वभाव' म्हणते. म्हणू दे. तिच्यावरही माझं लक्ष असतंच!

तर मी एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसतो. आमची संगणकातली नोंदवही फुकट मिळालेली. जगभरातले हौशी लोक मिळून तिचा प्रोग्रॅम लिहितात, कुणालाही चूक सापडली की त्यानं दुरुस्ती पाठवावी, असा सगळा खुला कारभार. मला त्यातच काळंबेरं वाटायचं. फुकट कोण काय देतं हो?

आणि निघालीच की चूक! पुस्तक ठरलेल्या तारखेला परत केलं तरी नोंदवही ते उशिरा आलं असं धरायची आणि वाचकाचं कार्ड बंद करून टाकायची. आमचे जुने वाचक शिंपीकाका तर टेबलावर मूठ आपटून ओरडले, "बावीस वर्षांत एकदाही उशीर नाही! मला चोर ठरवता?" ग्रंथपालबाईंनी मला बजावलं, "शनिवारपर्यंत निस्तरा. नाहीतर सोमवारपासून कागदाची वही, आणि लिहिणार तुम्ही!"

मला थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं. शोधलं तर काय, एक बरोबरचं चिन्ह जास्त! 'तारखेनंतर' पाहिजे तिथे 'तारखेला किंवा नंतर' झालं होतं. चिन्ह खोडलं आणि दुरुस्ती त्या मंडळींकडे पाठवली; त्यांनी मान्य केल्याशिवाय ती आमच्या नोंदवहीत लागू होणार नव्हती.

अर्ध्या मिनिटात उत्तर! "स्वागत आहे! तुमच्या पहिल्या दुरुस्तीबद्दल मनापासून आभार!"

अर्ध्या मिनिटात? मनापासून? माझा सख्खा भाऊ माझ्याशी इतक्या प्रेमानं बोलत नाही! मी खडसावलं, "आपण कोण? काय हवंय आपल्याला?"

"स्वागत आहे!" पुन्हा तेच.

"अहो, ते यंत्र आहे," बायको म्हणाली. "आपोआप उत्तर देतं."

"तसं भासवतोय तो!"

मग 'कासव' नावानं वावरणारं एक माणूस आलं. दुरुस्त्या तपासून आत घेणं हे त्याचं काम. "छान सापडलं. हे चिन्ह का काढलंत ते चार ओळींत लिहाल? आणि दुरुस्ती नीट चालते हे दाखवणारी एक चाचणी सोबत जोडाल?"

आलं लक्षात! माझ्याकडून सगळं वदवून घेणार आणि स्वतःच्या नावावर खपवणार! मी लिहिलं, "कारण मला ठाऊक आहे. आपण फक्त मान्य करा."

कासव गप्प. शुक्रवार उजाडला तरी गप्प. म्हटलं, आता साक्षीदार उभे केल्याशिवाय गत्यंतर नाही. शिंपीकाकांना घरी बोलावलं आणि माझ्याच संगणकावरून दहा मिनिटांत तीन नवी खाती उघडली.

बायकोनं लिहिलं, "दुरुस्ती उत्तम आहे."

शिंपीकाकांनी लिहिलं, "ताबडतोब घ्या! माझ्या अब्रूचा प्रश्न आहे!"

सासूबाई छापखान्यातल्या निवृत्त मुद्रितशोधक. त्यांनी चष्मा पुसून लिहिलं, "जावई हट्टी आहे, पण खोटारडा नाही. घेऊन टाका, घरात शांतता होईल."

तासाभरात तिकडे आग लागली! "सावधान! चार नवी माणसं, कारण सांगत नाहीत, आणि सगळ्यांना घाई! ही घुसखोरी आहे!" सतरा जण कामाला लागले. जे चिन्ह मी काढून टाकलं होतं, जे आता तिथे नव्हतंच, ते सतरा जण भिंग लावून तपासत होते! एकानं तर लिहिलं, "दिसतं तितकं हे साधं नसणार."

माझ्यावर संशय? माझ्यावर!

शनिवारी सकाळी कासवानं समोरासमोर बोलायला बोलावलं. पडद्यावर आल्या एक पिकल्या केसांच्या बाई, मागे दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होत्या. मीही केले.

"तुमच्या मागे कोण आहे?"

"सासूबाई."

"असं तुम्ही म्हणताय!"

सासूबाईंनी मला खुर्चीसकट बाजूला सारलं. "अहो बाई, कारस्थान करायला डोकं लागतं. हा कुलूप लावून तीनदा ओढून बघतो, आणि जिना उतरल्यावर सगळ्यांना विचारतो, किल्ली कुणी पळवली? किल्ली याच्याच मुठीत!"

कासवबाई इतक्या हसल्या की मागचा एक टॉवेल पडला. सासूबाई मात्र थांबल्या नाहीत. "आणि हो, तुमच्या नोंदवहीत 'रद्ध' असं बटण आहे. 'रद्द' हवं. 'नोंदणी'तला णी दीर्घ. आणखी अकरा चुका आहेत, घ्या लिहून." बाईंनी पेन्सिल काढली. पाऊण तास दोघींचं चाललं होतं, आणि मी तेवढ्या वेळात मुकाट्यानं चार ओळींचं कारण आणि चाचणी लिहून काढली.

दुपारी दुरुस्ती मान्य झाली. शिंपीकाकांचं कार्ड सुरू झालं, त्यांनी तिथल्या तिथे दोन पुस्तकं नेली. मी अभिमानानं माझ्या नावापुढची नोंद उघडली. कासवबाईंनी लिहिलं होतं, "जादा चिन्ह काढलं. सासूबाईंच्या जामिनावर."

आता ही नोंद जगात कुणालाही वाचता येते! तेवढे शेवटचे दोन शब्द खोडता येतील का, असं मी हळूच विचारून पाहिलं.

"सासूबाईंना विचारा," असं उत्तर आलं. अर्ध्या मिनिटात!