टीव्ही इकडे, रिमोट तिकडे

कूलरच्या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही! बाकी कशातही धरू शकतात.

त्या दिवशी कवडूकाका सक्करदऱ्याहून आमच्याकडे महाल भागात येणार होते. त्यांच्या रितिकाची लग्नपत्रिका घेऊन! काका आणि बाबा वेगळे झाले तेव्हा वाटणीत टीव्ही बाबांकडे आला आणि रिमोट काकांकडे गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. रितिकाने मला फोनवर बजावलं होतं, "दादा, मोठेबाबा लग्नाले नाही आले, तर मी मांडवातच येत नाही!" मोठेबाबा म्हणजे माझे बाबा.

आई म्हणाली, "दोघायची डोस्की थंडी राह्यली पायजे. तू फक्त कूलर पाह्य."

पाहिला. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या उंदरांनी खाल्लेल्या. पण तज्ज्ञ माणूस अडत नाही! माळ्यावर एक रिकामं पोतं होतं. ते कापलं, भिजवलं, ताट्यांच्या जागी बसवलं आणि पंखा एकवर ठेवला.

काका आले. दोघे भाऊ पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखे समोरासमोर बसले. थोड्या वेळाने काकांच्या डोळ्यांतून पाणी!

"काहून गा कवडू, रडून राहिला?"

"मी कुठी? तूच रडून राहिला ना दादा!"

खरंच की! बाबांचं तर नाकही वाहत होतं.

"आठवण येत होती का गा माही?"

"लय येत होती, दादा!"

मिठी! आई चहा घेऊन आली, तीही रडायला लागली. मग मीही. मला कुतूहल वाटलं. मला तर काकांची आठवण कधीच आली नव्हती! तपास म्हणून मी कूलरच्या मागे गेलो, रडू थांबलं. समोर आलो, प्रेम उफाळलं.

आई ठसकत कानाशी आली. "सौरव, कळमन्याहून मिरच्या आणल्या होत्या, ते पोतं कुठी हाय?"

"आई, ते... नातं जोडून राहिलं."

मी बंद करायला धावलो. आईने मनगट धरलं. "खबरदार हात लावशील तर!"

इकडे काकांनी पिशवीतून रिमोट काढला. "घे दादा. नवे सेल टाकले."

बाबांनी तो छातीशी धरला.

"टीव्ही कुठी हाय पण?" काकांनी विचारलं.

"तो... भंगारवाल्याले देऊन टाकला."

"मले न इचारता?"

काका ताडकन उठले. पत्रिका परत पिशवीत चालली! आईने माझ्याकडे पाहिलं.

मी पंखा फुल केला.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. मांडवातल्या कूलरची जबाबदारी आईने माझ्यावरच टाकली. फोटोंत नवरीपेक्षा नवरदेवच जास्त रडतोय. का, ते त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.