मागच्या सीटवरची बोलणी

दोष काढण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. हिंजवडीतली एक कंपनी मला त्याचाच पगार देते. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर माझ्यासमोर ठेवायचं, संध्याकाळपर्यंत मी त्याचं पितळ उघडं पाडते. त्यामुळे आनंदची आत्या नागपूरहून येणार म्हटल्यावर घरात सगळे घाबरले, मी नाही. त्या रविवारी काय काय बिघडू शकतं, याचा मी आधीच विचार करून ठेवला होता.

आनंद माझ्याच कंपनीतला. आमचं दोघांचं ठरलं होतं आणि घरच्यांचंही जवळजवळ ठरलं होतं. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले, आत्यानं वाढवलं. कांताबाई मेश्राम, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना विचारल्याशिवाय आनंद मोबाइलसुद्धा बदलत नसे. अडलं होतं ते लग्न कुठे आणि कधी करायचं यावर. आम्हाला इथे विश्रांतवाडीत हवं होतं, त्यांना नागपुरात, तेही मे महिन्यात. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "समोरासमोर बोलू जी." या एका वाक्यानं माझे बाबा, पाटबंधारे खात्यातून ताठ मानेनं निवृत्त झालेले भीमराव, जेवताना मधेच थांबून भिंतीकडे बघू लागले.

त्यात दादाची गाडी.

दादा, म्हणजे प्रज्ञेश, माझा थोरला भाऊ. तोही आयटीत. त्यामुळे साधी बॅग घ्यायची तरी तो इंटरनेटवर जगभराची मतं वाचतो आणि शेवटी दुकानदाराचं ऐकतो. गाडीच्या बाबतीत दुकानदार म्हणजे कर्वेनगरचा एक एजंट. "डॉक्टरांची एसयूव्ही आहे साहेब, दवाखान्यापलीकडे गेलेली नाही," तो म्हणाला. गेली नसेलच. सिग्नलला थांबली की तिचा एसी बंद पडायचा आणि डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजायचा. ती दवाखान्यापर्यंत पोचत होती हेच खूप.

मी तिच्या मॉडेलचं नाव इंटरनेटवर टाकलं. मालकांच्या तक्रारी वाचता वाचता माझा चहा गार झाला. त्यातच कंपनीचं निवेदन सापडलं: मधल्या सीटचा खटका अडकून सीट पुढे दुमडत नाही, तरी गाड्या परत आणाव्यात, सुटा भाग मोफत बदलून मिळेल. मी ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"रिकॉल होणं चांगलं असतं," दादा म्हणाला. "कंपनी जबाबदार आहे, असा त्याचा अर्थ."

"आणि तू?"

"पुढच्या महिन्यात दाखवून आणतो."

दादाचा पुढचा महिना फार गजबजलेला आहे. त्याचं जिमही तिथेच असतं.

रविवारी सकाळी दादा, बाबा आणि आनंद आत्यांना आणायला स्टेशनवर गेले. बाबांनी त्यांना पुढे बसायचा खूप आग्रह केला म्हणे. "मी नेहमी मागच्या बाकावर बसते," आत्या म्हणाल्या. "तिथून वर्ग दिसतो." आणि मधली सीट दुमडायला लावून त्या थेट शेवटच्या ओळीत जाऊन बसल्या. मग सीट सरळ केली, तिच्यावर आनंद आणि संत्र्यांच्या पेट्या बसल्या आणि वरात निघाली.

मी बाल्कनीत उभी होते. गाडी डावीकडे वळून, अर्थातच हॉर्न वाजवत, गेटातून आत आली. बाबा उतरले, आनंद पेट्या घेऊन उतरला. दोघं वर येईपर्यंत दादा मधल्या दारात वाकून काहीतरी खटपट करत होता. मग तोही वर आला. एकटाच, आणि घामाघूम.

"आत्या कुठायत?" आईनं विचारलं.

"त्यांना जरा गाडीतच बसायचंय," दादा म्हणाला आणि माळ्यावर चढून हत्यारांचा डबा शोधू लागला.

माझं डोकं इथे चालायला हवं होतं. मी आनंदकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"आत्या रागावली की जागची हलत नाही," तो हळूच म्हणाला. "एकदा शाळेच्या कार्यक्रमाला पाहुणे उशिरा आले, तर त्यांच्या स्वागताला ती खुर्चीतून उठलीच नाही. त्यांना स्वतःच्या हातानं हार घालून घ्यावा लागला."

बाबा खाली धावले. मागोमाग मी.

"ताई, वर चला ना," बाबा खिडकीशी वाकून म्हणाले.

"असू द्या जी. मी इथं ठीक आहे," शेवटच्या ओळीतून उत्तर आलं. मुख्याध्यापिकांचा आवाज होता, त्यापुढे कोणी हात वर करत नाही.

"आमचं काही चुकलं का?"

"ते तुमच्या मुलाला विचारा."

बाबांनी दादाला विचारलं नाही. हा सगळा लग्नाच्या जागेचा राग, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. "तारखेचं तुम्ही म्हणाल तसं करू," ते म्हणाले. "मे महिना म्हणत होतात ना? मे."

आत काहीतरी कटकट वाजलं. आत्या पायानं सीटचा खटका ढकलत होत्या, हे मला नंतर कळलं. बाबांना वाटलं, पाय आपटला.

ते घाईघाईनं म्हणाले, "आणि निकिताच्या नोकरीचंही बघू. बदली मागेल ती नागपूरला. नाहीतर सोडेल."

"बाबा," मी म्हणाले.

"तू गप्प बस."

एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी रंगनाथराव आले. रविवारी ते पार्किंगमध्ये दोष काढत फिरतात. पगार नसताना.

"ही जागा पाहुण्यांच्या गाडीची आहे," ते म्हणाले. "तुमची गाडी पाहुणी नाही."

"गाडीत पाहुणे आहेत," बाबा म्हणाले.

रंगनाथरावांनी आत वाकून खात्री करून घेतली. "मग त्यांना उतरवा आणि गाडी हलवा. की पाहुणे गाडीसकट ठेवणार?"

आईनं वरून पोहे पाठवले. आत्यांनी ते खिडकीतून घेतले, संपवले आणि आणखी मागवले. बाबांना धीर आला. नाराज माणूस दुसऱ्यांदा पोहे मागत नाही, असं मला हळूच सांगून ते चहाचं बघायला वर गेले. रंगनाथराव वॉचमनला आमच्यावर लक्ष ठेवायला सांगायला गेले.

"निकिता," आतून आवाज आला. "आत ये. दार लावून घे."

मी मधल्या सीटवर गुडघे टेकून बसले. आत्या कडक पांढऱ्या साडीत, मांडीवर पोह्यांची रिकामी बशी घेऊन बसल्या होत्या.

"मला उतरता येत नाही," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "सीट अडकली. तुझा भाऊ म्हणाला, दोन मिनिटांत सोडवतो, कोणाला सांगू नका. मीही म्हटलं, मागं बसायचा हट्ट माझा, आता कोणत्या तोंडानं सांगू? तो काऊन येत नाही अजून?"

माळ्यावरून डबा पडल्याचा आवाज खालपर्यंत आला.

ज्या रिकॉलचं निवेदन मी घरादाराला वाचून दाखवलं होतं, तो माझ्या समोर, पांढऱ्या साडीत, अर्धा तास बसून होता. आणि मी, व्यवसायानं टेस्टर, त्यांच्या रागाचं विश्लेषण करत होते.

मी तिथूनच कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"आपण गाडीच्या पहिल्या मालक आहात का?" पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"नाही. पण सीट अडकलीय आणि मागे एक बाई आहेत."

"त्या पहिल्या मालक आहेत का?"

"त्या पाहुण्या आहेत."

"रिकॉलचा मेसेज पहिल्या मालकांना गेलेला आहे मॅडम. आपण गाडी मंगळवारी सर्व्हिस सेंटरला आणू शकता."

"आणि बाई?"

"त्यांनाही आणू शकता."

मी फोन बंद केला. आत्या पहिल्यांदा हसल्या. मग गंभीर झाल्या.

"नोकरी सोडायचं काय म्हणत होते तुझे बाबा?"

इतका वेळ मी याच प्रश्नाची वाट बघत होते. "मी सोडणार नाही, आत्या," मी म्हणाले. "आनंदला माहीत आहे. त्यावरून मोडलं तरी."

"मग मोडत कोण आहे? मी जन्मभर नोकरी केली. लोक म्हणत, लग्न कर, नोकरीचं काय एवढं. त्यांचं ऐकलं असतं, तर आनंदला कोणी वाढवलं असतं?" त्यांनी बशी माझ्या हातात दिली. "तुझे बाबाच तुझी नोकरी वाटत सुटले होते. मी मागितली नव्हती. आता मला बाहेर काढ. पण ही सीट ओलांडून मी जाणार नाही. वरच्या सगळ्या बाल्कन्या भरल्यात."

मी आनंदला बोलावलं. सुटकेचा मार्ग डिकीतूनच होता, पण गाडीची मागची बाजू भिंतीला टेकली होती. तो स्टिअरिंगवर बसला आणि गाडी जरा पुढे घ्यायला निघाला.

बाबा नेमके तेव्हाच चहाचा ट्रे घेऊन जिन्यात आले. त्यांना दिसलं ते एवढंच: जावई गाडी चालू करतोय, मुलगी आत बसलीय, आत्या मागे, आणि गाडी निघाली. ट्रे पायरीवर ठेवून ते अनवाणी धावत आले.

"ताई, नागपूर," ते गाडीला आडवे येत म्हणाले. "नागपूर कबूल. आपल्या विहाराजवळचा हॉल, तुमची माणसं, तुमचा आचारी. सगळं कबूल. जाऊ नका."

मी तोंड उघडलं. आत्यांनी माझा हात दाबला. अगदी हलकेच, पण वर्ग शांत करायला पुरेल इतका.

आणि मी गप्प बसले.

मी उतरून मागे गेले. आनंदनं डिकी उघडली, मागच्या सीटची पाठ पाडली. "दोघंही तिकडं बघा," आत्या म्हणाल्या. आम्ही भिंतीकडे बघितलं. मागे साडीची सळसळ झाली, कण्हण्याचा अगदी बारीक आवाज झाला, आणि वळून पाहिलं तर आत्या जमिनीवर उभ्या होत्या. एकही निरी विस्कटलेली नव्हती.

तेवढ्यात दादा पाना घेऊन पोचला. "झालंच आत्या, आता खटका..." म्हणता म्हणता उघड्या डिकीकडे बघून तो थांबला. बाबांनी दादाकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, डिकीकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं.

"ताई," ते म्हणाले, "म्हणजे मघाशी मी जे बोललो, ते जरा गैरसमजातून..."

"तोंडी परीक्षेतलं उत्तरसुद्धा मी धरते जी," आत्या म्हणाल्या. "नोकरीचं तेवढं मी ऐकलं नाही. बाकी मे महिना, नागपूर. चला, चहा गार होतो आहे."

लग्न झालं. नागपूरला, मे महिन्यात, भर दुपारी. बाबांनी सूट घातला होता आणि तो अंगातून काढायला दोन माणसं लागली. पुण्याहून गेलेले आमचे सगळे नातेवाईक स्टेजकडे पाठ करून कूलरसमोर बसले होते, त्यामुळे फोटोंमध्ये आमच्या बाजूची फक्त डोकी दिसतात.

ऑफिसात अजून कोणीतरी विचारतं, पुण्याची मुलगी, पुण्यात हॉल, मग भर उन्हाळ्यात नागपूर का? मी सांगते, आमच्याकडे मुलाच्या गावी लग्न करायची पद्धत आहे.

आमच्याकडे अशी कोणतीही पद्धत नाही.