डाव्या पायाचा तहनामा

ज्यांच्या घरी लेकरे वयात आली आहेत अशा तमाम आयाबापांचे सेवेसी, आणि ज्यांस घरातून अद्याप होकार मिळाला नाही अशा तमाम लेकरांचेही सेवेसी, लिहिणाराचा दंडवत. ऐसियास, मोटारसायकलीकारणे मातोश्री आणि कन्या यांजमध्ये जे युद्ध सात महिने पंधरा दिवस चालिले, त्याची हकीकत कोणी तिखटमीठ लावोन सांगतात, कोणी अर्धवट ऐकोन सांगतात, म्हणोन जे जाहाले ते जाहाले तैसे लिहून ठेवावे, भीड कोणाची धरू नये, ऐसे मनी आणोन हा मजकूर लिहिला आहे. या युद्धात रक्त सांडले नाही. चहा दोन वेळा सांडला, तो जागच्या जागी नमूद केला आहे.

मातोश्री म्हणजे थोरल्या इस्पितळातील प्लास्टर-खोलीच्या खाशा कारभारी. मोडके हात आणि मोडके पाय त्यांजपुढे रुजू होत, आणि त्या ओली पट्टी गुंडाळोन, तळहाताने चोपोन, वर निळ्या पेनाने दोन तारखा घालीत, एक बांधल्याची आणि एक कापण्याची, आणि खाली आपली सही करीत, आणि मग त्या तारखेआधी कापा म्हणोन कोणी कितीही गयावया केली तरी कात्री हाती धरीत नसत. पट्टी गुंडाळता गुंडाळता प्रत्येकास एकच सवाल पुसत, की कशावरून पडलात. कोणी जिन्यावरून म्हणे, कोणी शिडीवरून, एक भारदस्त गृहस्थ तर पलंगावरून पडले होते. परंतु दहांतले सात जण मान खाली घालोन गाडीवरून म्हणत. बावीस वर्षे हेच ऐकोन ऐकोन मोटारसायकल हे वाहन मातोश्रींस केवळ पायांच्या बाजूनेच ठाऊक जाहाले होते. संध्याकाळी जेवावयास बसले की त्या दिवसाची खबर देत, आज नडगी, आज घोटा, आज दोन्ही, आणि मग शांतपणे भाजी वाढीत.

तीर्थरूप घड्याळे दुरुस्त करीत. डोळ्यास भिंग लावोन बसत आणि घरात वाद पेटला म्हणजे किती वाजले एवढेच सांगत, त्याउपर एक अक्षर बोलत नसत. लग्नाआधी त्यांजपाशी एक काळी मोटारसायकल होती. लग्न होऊन महिना जाहाला नाही तो मातोश्रींचे फर्मान सुटले, आणि ती बापडी घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या चादरीखाली नजरकैदेत पडली ती तेवीस वर्षे. तीर्थरूप दर रविवारी शेड झाडून येतो म्हणोन जात, आणि झाडू स्वयंपाकघरातच विसरोन जात. मातोश्रींस हे सर्व दिसत होते. त्यांनी कानाडोळा केला होता.

आता कन्यासाहेबांचे वर्तमान. अठरावे सरोन एकोणिसावे लागले होते, यंत्रविद्येचे शिक्षण चालू होते, आणि विद्यालयास जावयास दोन बसा बदलोन दीड तास मोडत होता. मोटारसायकल पाहिजे, याचे कारण म्हणोन या दोन बसाच पुढे केल्या गेल्या. परंतु लिहिणाराने खरे लिहावे. नऊ वर्षांच्या असता एका रविवारी तीर्थरूपांमागोमाग कन्यासाहेब शेडमध्ये गेल्या होत्या, आणि त्यांस उचलोन त्या उभ्या गाडीवर बसविले गेले होते, आणि दोन्ही हात ताणोन त्यांनी मुठी धरिल्या होत्या, गाडी तसूभर हलली नव्हती, आणि तरी त्या कोठच्या कोठे जाऊन आल्या होत्या. तेव्हापासोन हे वेड. बसा बिचाऱ्या उगाच बदनाम जाहाल्या.

पहिला अर्ज सकाळच्या न्याहारीस गुजरला. अर्ज लांब होता, त्यास तीन मुद्दे होते. जबाब एका शब्दाचा आला, आणि तो ऐकोन कन्यासाहेबांच्या हातचा कप कलंडला. हा पहिला चहा.

मग दुसरी मसलत जाहाली, की वरच्या मजल्यावरील मावशीस वकील करोन पाठवावे, कारण तिची जीभ म्हणजे दुधारी. मावशी मोठ्या तोऱ्यात जिना उतरोन आली. मातोश्रींनी तिला खुर्ची दिली, बिस्किटे दिली, आणि चालू आठवड्यातील तीन मांड्यांची हकीकत हाडाच्या नावानिशी सांगितली. मावशी उठली ती सरळ गनिमास मिळाली. जाता जाता कन्यासाहेबांस सायकल घे गं बाई म्हणाली, आणि वर जाऊन आपल्या नवऱ्याची स्कूटर आठ दिवस जागची हलू दिली नाही. वकिलाने आपलाच मुलूख गमावोन यावे, ऐसा प्रकार जाहाला.

तेव्हा कन्यासाहेबांनी उघडे मैदान सोडोन गनिमी कावा धरिला. दर रविवारी तीर्थरूपांसंगे शेडमध्ये कूच करावे आणि दोन तास मुक्काम करावा. गंजलेली साखळी रॉकेलमध्ये भिजविली, कार्बोरेटर खोलोन जुन्या टूथब्रशाने घासला, प्लग बदलिला, उंदरांनी सीटमध्ये मांडलेला संसार सन्मानाने बाहेर काढिला. बारीक स्क्रू अडला की तीर्थरूप खिशातून घड्याळाचा पेचकस काढोन पुढे करीत. ऐसे सात महिने लोटले. मग एका रविवारी, सव्वादहाच्या सुमारास, कन्यासाहेबांनी किक मारली, आणि पुन्हा मारली, आणि नवव्या किकेस ती काळी गाडी खोकली, ठसकली, आणि तेवीस वर्षांचा राग एकदम काढल्यागत गर्जू लागली. स्वयंपाकघरात मातोश्रींच्या हातचा चहा ओट्यावर सांडला. हा दुसरा.

मातोश्री खासा शेडमध्ये दाखल जाहाल्या. पाहतात तो लेकीचे तोंड काजळीने काळे, दात तेवढे पांढरे, आणि नवरा कोपऱ्यात उभा, आणि आज पहिल्यानेच त्याचे हाती झाडू. तो जमिनीस लागलेला नव्हता. मातोश्री रागावल्या नाहीत. त्यांनी गाडी बंद करविली, किल्ली काढोन पदरास बांधिली, लेकीस पायापासोन डोक्यापर्यंत न्याहाळिले, विशेषेकरोन पायाकडे, आणि मग हुकूम सांगितला.

"पंधरा दिवस. डावा पाय, मांडीपासून बोटांपर्यंत. प्लास्टर मी घालणार. रोज बघते ते तूही एकदा भोगून बघ. पंधराव्या दिवशी अजून गाडी हवी असेल, तर मी आडवी येणार नाही. मध्येच काढ म्हणालीस, तर चादर परत घालायची."

डावाच का, तर गिअर डाव्या पायाशी असतो, एवढा अभ्यास मातोश्रींचा होता. कन्यासाहेबांनी तीर्थरूपांकडे पाहिले, तीर्थरूपांनी मनगटाकडे पाहिले आणि साडेदहा वाजल्याचे कळविले. कन्यासाहेब चालेल म्हणाल्या.

सुट्टी लागताच स्वयंपाकघरात प्लास्टिक अंथरोन तहाचा समारंभ जाहाला. पट्ट्या औषधाच्या दुकानातून आणिल्या होत्या, इस्पितळाच्या साठ्यातील वीतभरही नव्हती, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे, कारण मातोश्रींची त्याविषयी ताकीद आहे. कोमट पाण्याची बादली आली, आणि बोटांपासोन वर चढत चढत पाय पांढराशुभ्र जाहाला. तो वाळल्यावर मातोश्रींनी निळे पेन काढिले आणि तहाची कलमे पायावरच लिहिली: हेल्मेट कोपऱ्यावर जाताना देखील, मागे एकापेक्षा जास्त माणूस नाही, फोन पिशवीत, आणि दमलेली असशील तर मुकाट्याने बस. खाली दोन तारखा आणि सही. मग त्या पालथी हो म्हणाल्या, आणि पोटरीच्या बाजूस बराच वेळ काही लिहीत राहिल्या. कन्यासाहेबांनी मान वळवोन वळवोन पाहिले, काही दिसेना. पुसले तर तारीख लिहिली म्हणाल्या. तीर्थरूपांस वाचावयास सांगितले, त्यांनी वाकोन पाहिले, फार वेळ पाहिले, तेही तारीखच आहे म्हणाले, आणि भिंग पुसावयास म्हणोन आत गेले.

आता वेढ्याचे वर्तमान. पहिले दोन दिवस कन्यासाहेबांनी कुबड्यांवर घरभर दौरे काढिले, चेहऱ्यावर गुर्मी होती. तिसऱ्या दिवशी गुडघ्यामागे खाज सुटली. ही खाज म्हणजे फौज नव्हे की तोफ नव्हे, परंतु भल्याभल्यांस शरण आणील. आत विणायची सुई घालावी तर मातोश्रींनी घरातल्या तमाम सुया, पट्ट्या आणि लांब चमचे जप्त करोन कपाटात कोंडिले होते. आंघोळीस पायास पिशवी बांधावी लागे. पडलेली वस्तू उचलावी तर हाक मारावी लागे. सहाव्या दिवशी न्हाणीघरात दार लावोन कन्यासाहेब रडल्या, आणि जी बस त्यांस वैऱ्याहून वैरी वाटे, ती खिडकीतून जाताना पाहोन, आपण तिच्या पायऱ्या दोन्ही पायांनी चढत होतो, ही केवढी चैन, ऐसे त्यांस वाटले. काढ म्हणावे, एवढाच शब्द, ऐसे तीन वेळा ओठांवर आले. तीनही वेळा शेडमधली चादर डोळ्यांपुढे आली आणि शब्द माघारी फिरला.

परंतु मातोश्रींच्या मसलतीत एक मोठी चूक राहिली होती. बावीस वर्षे त्यांनी पाय पाहिले, ते सर्व लोकांचे. सहाचे सुमारास प्लास्टर-खोलीस कुलूप लागे आणि ते पाय तेथेच राहात. हा पाय घरी राहावयास आला. तो जेवणाचे वेळी समोरच्या खुर्चीवर ठेविला जाई, तो दारात आडवा येई, त्याची ठकठक ऐकू आली की मातोश्रींच्या हातून मीठ दोनदा पडे. हे प्लास्टर आपण आपल्या हाताने धडधाकट पायास घातले आहे, हे त्यांस पाठ होते, आणि तरी काळीज ऐकेना. दहाव्या दिवशी इस्पितळात एका तरण्या पोरास कशावरून पडलास म्हणोन पुसावयाचे सोडोन, आई घरी आहे का रे, ऐसे पुसोन बसल्या. पोरगा गोंधळला. हाताखालची माणसेही एकमेकांकडे पाहू लागली.

अकराव्या दिवशी मातोश्री भर दुपारी चारास घरी आल्या, दम लागला होता, पिशवीत कापायचे यंत्र होते. पिशवी टेबलावर ठेवोन लेकीस पाय इकडे कर म्हणाल्या, झाले तेवढे पुष्कळ, आता कापू या, तहाचे मागाहून पाहता येईल. तेव्हा कन्यासाहेबांनी पाय मागे घेतिला. खाज शिगेस पोचली होती, जीव विटला होता, यंत्र हाताच्या अंतरावर होते, आणि तरी पाय मागे घेतिला.

"तारीख चार दिवसांनंतरची आहे. तू तारखेआधी कापत नाहीस."

"मी घातलंय, मी कापीन."

"नको. आई, मला कळलंय गं, किती वाईट असतं ते. पण आत्ता काढलं तर तुला कायम वाटेल, ही सगळं अर्ध्यावर सोडते. मग तू मला रस्त्यावर सोडशील का?"

मातोश्रींस बावीस वर्षांत आपलाच नियम कोणी आपल्या तोंडावर वाचोन दाखविला नव्हता. त्या खुर्चीवर बसल्या. आतून तीर्थरूपांनी सव्वाचार वाजल्याचे कळविले, त्यांस दोघींनी एकदमच गप्प बसण्यास सांगितले. मग मातोश्रींनी कपाट उघडिले आणि हातपंखा आणोन प्लास्टरच्या तोंडातून आत वारा घातला, पाऊण तास, हात बदलीत बदलीत.

पंधराव्या दिवशी सकाळी यंत्र घरघरले आणि प्लास्टर दुभंगले. आतून पाय निघाला तो बारीक, फिकट, सालपटे सुटलेला. मातोश्रींनी तो मांडीवर घेऊन कोमट पाण्याने धुतिला, घोटा हळूहळू फिरविला, गुडघा वाकविला, एकेक बोट ओढोन पाहिले, ते हसू येईपर्यंत. आणि त्या पाणी फेकावयास गेल्या तेव्हा कन्यासाहेबांनी मागचा अर्धा भाग उचलोन उजेडाकडे धरिला. निळ्या पेनाने लिहिले होते:

"हा पाय माझा आहे. तुला वापरायला दिलाय. जपून वापर, आणि रोज घरी आण."

कन्यासाहेबांनी ते दोनदा वाचिले. मातोश्री रिकामी बादली घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी अजून हवी आहे का म्हणोन पुसले. कन्यासाहेब हवी म्हणाल्या. मग मातोश्रींनी पदराची गाठ सोडोन किल्ली काढिली आणि लेकीच्या हातावर ठेविली, आणि नाश्त्याला काय करू म्हणोन पुसले.

मग पायात बळ येईतो तीन आठवडे गेले, कागदपत्रे नवी जाहाली, शिकाऊ परवाना आला, आणि तीर्थरूपांनी मोकळ्या मैदानात लेकीस गिअर शिकविले. त्या दिवसांत ते इतके बोलिले की आधीच्या तेवीस वर्षांत बोलिले नसतील. आणि एका स्वच्छ सकाळी स्वारी दरवाजातून निघाली. हेल्मेट डोकीस, फोन पिशवीत, वेग असा की मावशी गच्चीतून पाहोन म्हणाली, चालत गेली असती तर लवकर पोचली असती. गाडी कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी जाहाली. मातोश्री फाटकाची कडी धरोन उभ्या राहिल्या. तीर्थरूपांनी वेळ सांगितली नाही. चार मिनिटांनी आवाज आला, आणि मग गाडी आली, आणि मग फाटकाशी थांबली. कन्यासाहेबांनी डावा पाय उचलोन मातोश्रींपुढे लांब केला.

"घे, आणला परत."

मातोश्रींनी पाय धरोन घोट्यापासोन गुडघ्यापर्यंत चाचपोन पाहिला, पसंत केला आणि खाली ठेविला.

"आता उजवा दाखव."

येणेप्रमाणे फत्ते जाहाली, ती कन्यासाहेबांचे नावे लिहिली आहे. तहनाम्याचा मागचा अर्धा भाग शेडमध्ये खिळ्यास टांगिला आहे, चादर धुवोन घडी करोन ठेविली आहे, आणि दोन्ही पाय रोज संध्याकाळी फाटकाशी रुजू होतात. बहुत काय लिहिणे.