निळ्या रांजणांची शंभर टक्के बचत

पाण्याची बचत थेंबापासून सुरू होते, हे सर्वमान्य सत्य आहे. आठ लाख लिटरपासून ती सुरू झाल्याचे निदान वर्धा जिल्ह्यात तरी कोणाच्या ऐकिवात नाही.

हिंगणीजवळच्या डाटा सेंटरला (गावात त्याला ‘थंड गोदाम’ म्हणतात) रोज तेवढेच पाणी लागते. आत हजारो संगणक चोवीस तास तापतात. त्यांना निववायला पाणी सोडले जाते, त्याची वाफ होते आणि ती आकाशात जाते. तिथून पुढे ती कोणाची, याबद्दल करारात काही म्हटलेले नाही. यंदा मुख्य कचेरीतून आदेश आला: केंद्र व परिसर यांतील पाण्याचा वापर वीस टक्क्यांनी घटवा. आदेशात केंद्र आधी असले तरी बचत समितीने विनयाने सुरुवात परिसरापासून केली. सात बैठका झाल्या. (त्यांतल्या बाटलीबंद पाण्याचा हिशेब धरलेला नाही, कारण ते नागपूरचे होते.) सातव्या बैठकीत गळती सापडली.

ती एसटी थांब्यावरच्या कडुलिंबाखाली होती. तिथे मोहिनीबाई एकोणीस उन्हाळे पाणपोई चालवतात: वाळूवर तीन रांजण, भोवती ओले गोणपाट, साखळीला बांधलेला पेला. त्यांचे यजमान एका मे महिन्यात याच थांब्यावर आर्वीच्या गाडीची वाट पाहताना ऊन लागून गेले. पुन्हा इथून कोणी तसे जाऊ नये, एवढाच बाईंचा हट्ट. असल्या कारणासाठी समितीच्या तक्त्यात रकाना नव्हता.

जलबचत अधिकारी ऋग्वेद हा सालस आणि कष्टाळू तरुण. त्याने दोन दिवस उन्हात बसून मोजले: तिन्ही रांजण मिळून रोज साडेचार लिटर पाणी पाझरते व वाया जाते. (मोजताना तो स्वतः अकरा पेले प्यायला. ते थंड होते, अशी नोंद नाही.) उपाय साधा होता. गोणपाट काढायचे आणि बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात द्यायचे. रंग निळा, म्हणजे कंपनीचा. वर पांढऱ्या अक्षरांत ‘थेंब थेंब वाचवू’.

“अरे बाबू, रांजन पाझरते म्हनून तं पानी थंड राह्यते,” मोहिनीबाई म्हणाल्या. “तुमच्या मशिनी बी तं तसंच पानी उडवून थंड करता ना? मंग माह्याच रांजनाले काऊन रंगवून राह्यले?”

“मावशी, ते तंत्रज्ञान आहे,” ऋग्वेदने समजावले, आणि बाईंना रांजणांशेजारी उभे करून फोटो काढला.

उपाय रामबाण ठरला. पाझर पहिल्याच दिवशी थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी इतके तापले की लोकांनी ते पिणेच सोडले. पाणपोईचा वापर रोजच्या दोनशे लिटरवरून शून्यावर आला. उद्दिष्ट वीस टक्क्यांचे होते, साधले शंभर! आता केंद्राने स्वतः काही करायची गरजच उरली नाही. (दोनशे म्हणजे आठ लाखांचे किती टक्के, असे बैठकीत विचारणाऱ्याची बदली झाली.)

मेच्या बावीस तारखेला अडुसष्ट वर्षांचे रूपराव आर्वीच्या गाडीची वाट पाहत, पाणी न पिताच, त्या थांब्यावर भोवळ येऊन पडले. मोहिनीबाईंनी त्यांच्या डोक्यावर तेच कोमट पाणी ओतले, पदराने वारा घातला, ऑटो थांबवून दवाखान्यात नेले. रूपराव वाचले. (ओतलेले तीन पेले ‘पिण्याव्यतिरिक्त वापर’ म्हणून नोंदले आहेत.)

परतल्यावर बाईंनी खुरपे घेतले आणि रंग खरवडायला बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना बचतीच्या साधनाची नासधूस केल्याची नोटीस आली. ती त्यांनी गुडघ्याखाली अंथरली आणि दुसरा रांजण खरवडायला घेतला.

फोटो मात्र फार सुंदर आला आहे. निळे रांजण, शेजारी बाई, खाली पाणी वाचवण्याचा संदेश. तुमच्याकडेही आला असेलच. तुम्ही त्याला हात जोडलेत आणि नऊ ग्रुपांवर पुढे पाठवलात. आज त्याच्या काही लाख प्रती थंड गोदामात सुखरूप आहेत. त्यांना ऊन लागू नये म्हणून तिथे रात्रंदिवस पाणी सोडलेले असते.