निकमअप्पांची अंगठ्यांची वही

माझी मुलगी इरा चार वर्षांची होईपर्यंत माझ्या उजव्या अंगठ्यावर सारखी जांभळी शाई असायची. मी शिकलेला माणूस आहे. केमिकल इंजिनिअरिंगची पदवी आहे, सहीसुद्धा बऱ्यापैकी लफ्फेदार आहे. पण इथे परदेशात आमच्याच कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या निकमअप्पांना ती चालत नसे. "सही काय, कुणीबी ठोकतंय," ते म्हणायचे. "अंगठ्याला माणूस सोता यावा लागतोय." आणि शर्टाच्या खिशातून स्टॅम्प पॅडची डबी काढायचे.

ही शाई निघता निघत नाही. मी जुरोंग आयलंडवर, कारखान्यांच्या बेटावर, नोकरीला आहे. कंपनीच्या बसने जायचं, फाटकावर पास दाखवायचा आणि यंत्रावर अंगठा टेकवायचा. जांभळा अंगठा यंत्र ओळखायचं नाही. मागे रांग खोळंबलेली आणि मी आपला पँटला अंगठा पुसतोय, असं कितीदा झालं. पुढे पुढे फाटकावरचा गार्ड मला लांबूनच बघून हसायचा. "अंकल अगेन, आह?" म्हणायचा आणि ओला टिश्यू पुढे करायचा.

अप्पा मूळचे कराडकडचे. सरकारी दवाखान्यात आरोग्य सेवक म्हणून उभा जन्म गेला, पायाखालची वाट म्हणजे उसाच्या फडांची. त्यांचा मुलगा संदीप इथे वन-नॉर्थला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याच्याकडे अप्पा आणि शालनकाकू राहायला आले. गावाकडून येताना लोक मेतकूट आणतात, काळा मसाला आणतात. अप्पांनी एक फुलस्केप वही आणि स्टॅम्प पॅड आणलं. बुकित तिमाहमध्ये याचा काय उपयोग, असं त्यांना कुणी विमानतळावर विचारलं असतं तरी त्यांनी त्याचाच अंगठा घेतला असता.

आमची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. इरा तेव्हा सहा महिन्यांची, माझ्या छातीशी पिशवीत बांधलेली. अप्पांनी आधी तिला नीट न्याहाळलं, मग मला.

"बाप का?"

मी मान हलवली.

"वजन किती?"

मी पोट आत घेऊन म्हणालो, "अठ्ठ्याहत्तर."

"तुमचं नव्हं. पोरीचं."

मला माहीत नव्हतं. शेवटची लस कुठली झाली, तेही माहीत नव्हतं. पुढची कधी आहे, हे तर अजिबातच नव्हतं. मी आपलं सरळ म्हणालो, "बायकोला विचारून सांगतो." तेवढ्यात माझा सहावा मजला आला. अप्पांनी दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरलं आणि म्हणाले, "जावा, इचारून या. मी हितंच हाय." मी खरोखर घरात जाऊन, कार्ड बघून, परत आलो. अप्पा बटणावर बोट ठेवून तसेच उभे. खालून कुणीतरी लिफ्टसाठी ओरडत होतं, त्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

'विचारून सांगतो' या दोन शब्दांवर अप्पांचा फार राग. त्याला कारणही तसंच होतं. कराडच्या भागात ऊस तोडायला बीडकडून टोळ्या यायच्या, फडाच्या कडेला कोप्या घालून राहायच्या. अप्पा लसीचा डबा घेऊन कोपीपाशी गेले की बाई म्हणायची, "मालकाला इचारून सांगते." मालक फडात. तिथवर चिखल तुडवत गेलं की मालक म्हणायचा, "ते बायकांचं काम हाय, आमच्या आईला इचारा." आई म्हणजे म्हातारी. ती चुलीपुढून म्हणायची, "मला काय इचारता, लेकाला इचारा. आणि मागल्या वक्ताला ताप आला तवा हिचा खाडा झाला, त्याचं काय?" सगळ्यांना विचारून होईस्तोवर टोळी पुढच्या गावाला गेलेली असायची आणि पोर तसंच राहायचं. हे सगळं अप्पा तिन्ही आवाजांत करून दाखवायचे. म्हातारी तर इतकी हुबेहूब करायचे की इरा टाळ्या पिटायची.

यावर अप्पांनी स्वतःच्या डोक्याने एक उपाय काढला. सरकारचा नव्हे, त्यांचा खासगी. त्यांनी वही सुरू केली आणि जाहीर केलं, "बापाचा अंगठा असल्याशिवाय लस नाही." मुकादमाला पटवलं. मग काय, बापांना यावंच लागलं. आले म्हणजे उभं राहावं लागलं, उभे राहिले म्हणजे पोराला धरावं लागलं, आणि रात्री ताप आला की बायकोला बोल लावायची सोय राहिली नाही, कारण स्वतःचाच अंगठा वहीत. अप्पांना या युक्तीचा फार अभिमान होता. ती सांगताना ते खुर्चीत थोडे पुढे सरकून बसायचे.

तीच वही त्यांनी इथे चालू केली. पोहण्याच्या तलावाजवळच्या बाकावर रविवारी सकाळी अप्पांची कचेरी भरायची. बाळाचं नाव, वजन, झालेली लस, पुढची लस, बापाचा अंगठा. लहान मुलांचे बाप तलावाला मागच्या बाजूने वळसा घालून जायचे. आमच्यात एक अभिजित म्हणून पोस्टडॉक होता. लशीने शरीरात नेमकं काय होतं, यावरच त्याचं संशोधन. तो एकदा तावडीत सापडला. पेशी, प्रथिनं, सगळं त्याने दहा मिनिटं समजावून सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या पोराला पुढची कधी?" अभिजित म्हणाला, "मिसेसला..." आणि थांबला. सगळा बाक हसला. इराने तर मोठ्यांदा निकाल दिला, "अंकल फेल लाह!"

माझी बायको श्रुती अप्पांवर खूश होती. "अप्पांमुळे तुला निदान पॉलिक्लिनिक कुठल्या रस्त्यावर आहे ते कळलं," असं ती चारचौघांत सांगायची. पण एकदा तिने वही चाळली आणि म्हणाली, "अप्पा, यात आईचा रकाना कुठाय?"

"आई असतीयाच की," अप्पा म्हणाले. "तिला रकाना कशाला?"

श्रुती हसली. शेजारी शालनकाकू बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. काकू तशा कमीच बोलायच्या. मला वाटलं, त्यांचं लक्ष नसेल.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुसऱ्या मजल्यावर गौरी राहते. तिचा नवरा ओंकार मरीन इंजिनिअर, एकदा जहाजावर चढला की चार-चार महिने उतरत नाही. त्यांची मुलगी सई नुकतीच वर्षाची झाली होती. रविवारी गौरी सईला कडेवर घेऊन बाकापाशी आली. अप्पांनी सवयीने वही उघडली.

"वर्षाची टोचून झाली का गोवराची?"

"नाही अप्पा. ओंकार आला की जाऊ. तीन महिने आहेत अजून." मग ती जरा हसली. "तुमचाच नियम ना, बापाशिवाय लस नाही. आणि आमच्या सासूबाईंचंही तेच म्हणणं आहे. मागच्या वेळी ताप आला तर त्यांनी मलाच धारेवर धरलं. पुढच्या आठवड्यात नणंदेचं लग्न आहे रत्नागिरीला, तिथे पोर तापलेली नको म्हणाल्या. आधीच घरात जावेच्या मुलाला गोवर निघालाय."

"कुठं निघालाय?"

"रत्नागिरीला. घरीच. म्हणजे बरा होतोय आता."

अप्पांनी वही मिटली. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, उन्हाने चक्कर आली. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"बस गौरी," ते म्हणाले. "मी बोलतो ते ऐक."

त्या दिवशी अप्पांनी कुणाचा आवाज काढून दाखवला नाही. अगदी सरकारी कागद वाचावा तसं सपाट बोलले. संदीपच्या आधी त्यांना एक मुलगी होती. मंगल. तिच्या गोवराच्या लशीची तारीख आली तेव्हा अप्पा टोळ्यांवर होते, नऊ दिवस घरी फिरकले नव्हते. उपकेंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. सिस्टर स्वतः म्हणाली, आणा वहिनी पोरीला. शालनकाकू म्हणाल्या, हे आले की अंगठा घेऊनच आणते. सगळ्या बायकांना नियम आणि निकमांच्या घरातलीला सूट, असं कुणी बोलायला नको.

"माझा मान राखला तिनं," अप्पा म्हणाले. "मी आलो, एक रात्र राहिलो, पुन्हा गेलो. तारीख माझ्या ध्यानात नव्हती. सगळ्या टोळ्यांच्या तारखा तोंडपाठ आणि घरची ध्यानात नाही. मग मंगलला गोवर निघाला आणि त्यातनं छाती भरली." ते जरा थांबले. "अकरा महिन्यांची होती."

गौरीने सईला घट्ट धरलं.

"माझी आई मरेपर्यंत म्हणत होती, सख्खी आई असून हिला पोरीला चार पावलं नेता आलं न्हाई. आळी म्हणाली. माहेरचे म्हणाले. मी ऐकत बसलो. नियम माझा होता, हे एकदाबी तोंडातनं काढलं न्हाई. त्यानंतर मी लस आधी टोचायला लागलो, अंगठा नंतर. पण तेबी गुपचूप. नियम चुकला, असं कुणाला सांगितलं न्हाई." त्यांनी गौरीकडे बघितलं. "बापाला आणायला केला होता गं मी तो. आईला अडवायला नव्हता केला."

इतकी वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो, आणि तोही आम्हाला हसू देत होता.

गौरी तशी भित्री नव्हे. रत्नागिरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पदवी असलेली मुलगी, इथल्या टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालणारी. पण सासूबाईंचा फोन आला की तिचा आवाज खाली जायचा, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं. तिने फोन काढला. पॉलिक्लिनिकची दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घेतली. ओंकारला लिहिलं, 'सईला उद्या लस देतेय. लग्नाला जाणं डॉक्टरांना विचारून ठरवीन.' मग रत्नागिरीला फोन लावला. पलीकडचा आवाज आम्हाला बाकावर बसून ऐकू येत होता. गौरी दोनदा "हो आई" म्हणाली, आणि मग म्हणाली, "नाही आई, विचारत नाहीये. तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय." फोन ठेवून तिने मघाची पाण्याची बाटली उघडायला घेतली. मी सईला घेतलं.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खिशात डबी नव्हती. आत नर्सने कागद तपासले आणि सहज विचारलं, "फादर नॉट कमिंग?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पा पुढे झाले. "मदर हॅज कम," ते म्हणाले. "मदर इज इनफ." नर्सने त्यांच्याकडे जरा चमकून बघितलं. सई सुई टोचताना किंचाळली आणि मिनिटभरात त्याच नर्सच्या पेनाशी खेळायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, लस अंगी लागायला दोन आठवडे तरी जाऊ द्या. गौरीने लग्नाला जाणं रद्द केलं, तिकीट पुढे ढकललं. बाहेर आलो तेव्हा जहाजावरून ओंकारचं उत्तर आलं होतं. शब्द एकही नाही, नुसता एक पिवळा अंगठा. गौरी हसत सुटली. अप्पांनाही दाखवला. त्यांनी तो लांब धरून बघितला, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

गौरी आपल्या मजल्यावर उतरली. मी अप्पांना चौथ्यावर सोडायला गेलो. दार शालनकाकूंनी उघडलं. मी निघणार होतो, पण अप्पांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्यांना एकट्याने ते जमणार नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"शालन," ते उंबऱ्यातच म्हणाले, "मंगलचं तुझं चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं."

काकू ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. आत नळ चालू राहिला होता, त्याचा आवाज येत होता.

"मला ठाऊक हाय," काकू म्हणाल्या. "आईंच्या म्होरं एकदा म्हणाला असता, तर बरं झालं असतं."

अप्पांना मान वर करता येईना. काकू आत गेल्या, नळ बंद केला, पदराला हात पुसत परत आल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता. पायांत चपला सरकवून त्या म्हणाल्या, "पोरीला ताप आला तर गौरी एकटी हाय. मी बसते तिच्यापाशी."

त्या लिफ्टपाशी जाऊन उभ्या राहिल्या. अप्पांनी माझं मनगट सोडलं.

"मी येऊ का?" त्यांनी विचारलं.

लिफ्ट आली, काकूंनी दार हाताने धरून ठेवलं. "या," त्या म्हणाल्या.